पिवळ्या चिठ्ठीचं पुस्तक

मी रागीट आहे, असं माझी सून पाहुण्यांना चहा देता देता सांगते, आणि पाहुणे माझ्याकडं बघून हसतात. खोटं नाही ते. पण माणूस काय जन्मतःच रागीट असतं होय? माझा राग नववीच्या वर्षात, शाळेतल्या कपाटांपुढं उभं राहून राहून तयार झालेला आहे. हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. लोकांना वाटतं, बाईमाणसाला राग यायला भाऊबंदकी लागते, नाहीतर सासू लागते. मला पुस्तकांची तीन कपाटं पुरली.

तेव्हा आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, यार्डात पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. त्यांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे, आणि मग त्या दीड खोलीच्या घरात आई आणि मी खुणांनी बोलायचो. मीठ पाहिजे असलं की चिमूट दाखवायची, पाणी पाहिजे असलं की अंगठा तोंडाकडं न्यायचा. खिडकीबाहेर इंजिन शंटिंग करत असायचं, डब्यावर डबा धाडकन आदळायचा, फळीवरच्या पितळ्या थरथरायच्या, धूर आत यायचा, पण दादा ढिम्म. माझ्या हातून एखादी झाकणी पडली, की मात्र ताडकन उठून बसायचे आणि विचारायचे, “काय गं, गाडी रुळावरनं उतरली का काय?” आई अर्धवट जळके कोळसे वेचून आणायची आणि त्यावर शेगडी पेटवायची. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि तव्यातच वाटीनं रगडलेला हिरव्या मिरचीचा खरडा, हे आमचं जेवण. तो खरडा मी आता करायला गेले तर घरातले सगळे खोकत बाहेर पळतात. आम्ही धम्म घेतलेली माणसं, त्यामुळं घरात देव्हारा नव्हता. दसऱ्याला शेजारच्या क्वार्टरात पाटी-पुस्तकांची पूजा असायची, त्या दिवशी पोरांना अभ्यासाची सुट्टी. मला नाही. दादा म्हणायचे, “पुस्तक मांडून ठेवलं तर परीक्षेत ते येऊन पेपर लिहिणार हाय का? बस वाचत.” घरात असं तोंड बांधून राहायचं म्हणून शाळेत पाय ठेवला की माझा आवाज टिपेला जायचा.

शाळा गावाच्या टोकाला होती. तिचं नाव लिहीत नाही, तिथली काही माणसं अजून आहेत. निम्मी पोरं दौंडची, निम्मी सकाळच्या शटलनं यायची, केडगाव, पाटस अशा ठिकाणांहून. काही पोरं तर आधी वस्तीवरून स्टेशनपर्यंत चालत यायची आणि मग गाडीत बसायची. हेडसरांच्या खोलीला लागून एक अंधारी खोली होती, तिच्यात काचेच्या दारांची तीन कपाटं. यालाच ग्रंथालय म्हणायचे. पुस्तकं चांगली होती, पण त्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. आठवड्यातनं एकदा वाचनाचा तास असायचा. सर गठ्ठा घेऊन वर्गात यायचे आणि हजेरीच्या नंबराप्रमाणं पुस्तकं वाटायचे. पहिल्या नंबरला वरचं पुस्तक, दुसऱ्याला त्याच्या खालचं. पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं आपलं पुस्तक मागच्या नंबरला द्यायचं. म्हणजे तुमच्या नशिबात शेतीची खतं आली तर आठवडाभर खतं वाचा, भूमितीची कोडी आली तर कोडी सोडवा. माझ्या पुढच्या नंबरची मुलगी पुस्तकात मोरपीस ठेवून ते वाढतंय का बघायची. तिच्याकडून पुस्तक येताना मोरपीस काढलेलं असायचं आणि पानंही निघालेली असायची. एकदा मी सरांना म्हणाले, “मला जे पाहिजे ते कपाटातनं घेऊ का?” सर म्हणाले, “आज तू घेशील, उद्या सगळी घेतील.” मग घेऊ देत की! पण असं बोलायची सोय नव्हती.

आणि मग दिवाळीनंतर पाटणकर बाई आल्या. पुण्याच्या, बारीक चणीच्या, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या. आधीच्या एका शिक्षकांच्या रजेची जागा होती. बाईंनी ग्रंथालयाचा काहीतरी कोर्स केला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपाटं उघडली, आतली झुरळं झाडली आणि मला बोलावलं. “शाळेत सगळ्यांत जास्त आवाज कुणाचा, म्हणून विचारलं तर तुझं नाव सांगितलं. पुस्तकांसाठी भांडशील का?” मला तर कुणी जहागीर दिल्यासारखं झालं. आम्ही दोघींनी सगळी पुस्तकं विषयवार लावली आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर रंगीत चिठ्ठी चिकटवली. गोष्टी लाल, चरित्रं हिरवी, विज्ञान निळं, प्रवास पिवळा. चिकटवायची खळ आई घरून करून द्यायची, खळीला वास येऊ नये म्हणून मोरचूद घालायची. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की पोरानं यावं, चिठ्ठी बघावी, स्वतःच्या हातानं पुस्तक काढावं, चाळावं, नको असेल तर ठेवावं, दुसरं काढावं. पाचवी ते सातवीच्या पोरांना हे शिकवायचं काम माझं. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर शटलची वेळ होईपर्यंत.

हेडसरांनी परवानगी दिली, पण अट घालून. हेडसर वाईट नव्हते, घाबरट होते, आणि घाबरट माणूस वाईटापेक्षा जास्त त्रास देतो, हे मी नोकरीत पुढं पुष्कळ अनुभवलं. ते म्हणाले, “उन्हाळी सुट्टीच्या आधी मी स्वतः मोजणी करणार. सगळी पुस्तकं जागेवर असली तर पुढच्या वर्षीही कपाटं उघडी. एक जरी कमी भरलं, तर कुलूप. मग मला कुणी समजवायला यायचं नाही.” बाई म्हणाल्या, “मान्य.” मीही मान हलवली. मला वाटलं, त्यात काय, मी आहे ना.

पण पोरं! काय सांगू पोरांचं. पहिल्या दिवशी सातवीचा वर्ग आणला, तर सगळ्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि हात मागं बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. “घ्या,” मी म्हटलं. कुणी हलेना. “अरे घ्या की, चावत नाहीत.” एक मुलगी म्हणाली, “ताई, तूच दे.” “मी नाही देणार, तुझ्या हातानं घे.” ती पुढं आली, पुस्तकाला नुसतं बोट लावलं, ते बोट कपाळाला लावलं आणि मागं सरकली. एकाच्या हातून पुस्तक खाली पडलं, त्याला पाय लागला, तर त्यानं त्याला तीनदा नमस्कार केला आणि दिसेल त्या फळीवर कोंबून पळाला. मी चिठ्ठ्यांचे रंग घोकून घेतले. सगळे एका सुरात म्हणायचे, “लाल गोष्टी, हिरवी चरित्रं!” आणि मग कपाटापाशी येऊन विचारायचे, “ताई, बारीक पुस्तक कंचं हाय?” बारीक म्हणजे कमी पानांचं. दुसरं गिऱ्हाईक, “गाईड हाय का?” तिसरं, “कंचं बी द्या, घरी दावायचंय.” डोक्याला हात लावायची पाळी.

एक मुलगी मात्र दोन मिनिटांत सांगितलेलं पुस्तक काढून द्यायची. मी खूश. बाईंना अभिमानानं सांगितलं. बाईंनी काय केलं, तर गोष्टींची पुस्तकं खालच्या फळीवर हलवली. झालं, ती मुलगी रिकाम्या हातानं उभी आणि डोळ्यांत पाणी. तिनं चिठ्ठी कधी बघितलीच नव्हती, ‘वरनं दुसरी फळी, खिळ्याच्या शेजारी’ असं पाठ केलं होतं. मी तिच्यावर असली ओरडले की शेजारून हेडसरांनी भिंतीवर थाप मारली. बाई मला म्हणाल्या, “रत्ना, तिला आजवर पाठच करायला सांगितलंय गं सगळ्यांनी.” मला ते कळत होतं. कळल्यानं राग कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. घरी येऊन मी खुणांनीसुद्धा बोलायची नाही. आई भाकरी थापता थापता कुजबुजायची, “एवढी तणतण करतीस, ती पोरं काय तुझ्या पदरात टाकल्यात का?” आणि मी कुजबुजत भांडायची, “आई, कपाट उघडं आहे आणि घेत नाहीत!” कुजबुजत भांडणं किती अवघड असतं, ते केल्याशिवाय कळायचं नाही.

सातवीत बबन म्हणून एक मुलगा होता. केडगावच्या पुढं नदीच्या अंगाला, वडगाव रासाईच्या वाटेवर त्यांची वस्ती होती. मराठ्यांचं बागायतदार घर, नदीचं पाणी, भरपूर ऊस. बबन अभ्यासात बेताचा, पण त्याला प्रश्न फार. एके दिवशी तो एकटाच आला आणि कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला. “ताई, लई लांब गेलेल्या बाईचं पुस्तक कशात असंल?” मी म्हटलं, “तूच सांग. चरित्रात का प्रवासात?” त्यानं डोकं खाजवलं, पिवळ्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं, दोन-तीन पुस्तकं काढली, उघडून बघितली, ठेवली आणि एक जाडजूड पुस्तक धरून म्हणाला, “हे. ह्यात बाई बोटीनं जाती.” बोटीनं देशोदेशी फिरलेल्या एका बाईचं ते प्रवासवर्णन होतं, दोन भागांतलं. त्यानं पहिला भाग घेतला. मला इतका आनंद झाला की मी त्याला खिशातल्या भाजक्या शेंगा दिल्या. म्हटलं, चला, सबंध वर्षात एक तरी पोरगं वाटेला लागलं.

मोजणी सोमवारी ठरली. शनिवारी सकाळची शाळा, ती सुटल्यावर बाईंनी आणि मी कपाटं ताडून बघितली. सगळी पुस्तकं परत आली होती, एक सोडून. पिवळ्या चिठ्ठीचं, बोटीवरच्या बाईचं. बबनला धरून आणलं. तो खाली बघत म्हणाला, “घरी हाय.” “मग सोमवारी आण.” “न्हाई आणता येत.” “का?” तो दाराकडं सरकला. “फाडलंस?” “न्हाई.” “हरवलंस?” “न्हाई ताई, पूजेत हाय.” मला आधी कळलंच नाही. बाईंनी हळूहळू विचारल्यावर गाडी पुढं सरकली. त्याची थोरली बहीण कलावती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते म्हणतात, म्हणून पाटा-वरवंटा पुजून तिच्यापुढं कोरा कागद आणि लिहायला टाक ठेवायची रीत. बबननं विचार केला, कोरा कागद ठेवण्यापरीस लिहिलेलं पुस्तक ठेवलं तर? “सटवाईला बघून उतरवायला बरं, ताई. मी बी परीक्षेत बघूनच लिवतो.” बाई एकदम हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. मला हसू आलं नाही. मी शिकवलेलं सगळं या एकट्या पोरानं बरोबर वापरलं होतं. चिठ्ठी बघितली, चाळलं, निवडलं. आणि नेऊन ठेवलं कुठं, तर पाट्या-वरवंट्यापाशी!

मी म्हटलं, मी जाते आणि घेऊन येते. बाई नको म्हणत होत्या. आईला घरी जाऊन सांगितलं, दादा झोपलेले, त्यामुळं सगळं कानातच. आईनं जास्त विचारलं नाही. बाटलीत पाणी भरून हातात दिलं. “हे बरोबर ने. तिथं मागू नको.” का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, आम्हां दोघींना ठाऊक होतं. दुपारच्या शटलनं मी बबनबरोबर केडगावला उतरले. तिथून उसाच्या बांधांवरून वस्ती गाठेपर्यंत माझी बाटली संपली आणि टाळू तापून गेली.

बबनची आई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. बबननं सांगितलं, “शाळेतली ताई हाय, पुस्तकासाठी आलीया.” बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कुणाची गं?” मी दादांचं नाव, आडनाव सांगितलं. “बस की तिथं,” म्हणून तिनं अंगणातल्या दगडाकडं बोट केलं आणि तांब्या आणून वरून पाणी ओतायला उभी राहिली, मी ओंजळ करावी म्हणून. घसा कोरडा पडला होता. मी म्हटलं, “मावशी, पाणी नको, पुस्तक द्या.” तशी ती चिडली. “आगं, पूजेतली वस्तू हाय ती! बारसं झाल्याबिगर उंबऱ्याभाईर काढायची न्हाई. पोरीला बाधंल.” मी सांगितलं, ते शाळेचं आहे, सोमवारी मोजणी आहे, एक पुस्तक कमी भरलं तर सगळ्या पोरांची कपाटं बंद होतील. ती म्हणाली, “व्हवू द्या बंद. आमच्या बबनचा बा कपाटाबिगरच शिकला.” मी आवाज चढवला, तिनं माझ्यापेक्षा चढवला. अंगणातली कुत्रीसुद्धा उठून लांब गेली.

तेवढ्यात आतून आवाज आला. “आयं, तिला हिकडं येऊ दे. दारात.” बाळंतिणीची खोली अंधारी, बाजेखाली शेगडी, ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. बाजेवर डोक्याला आणि कानांना फडकं गुंडाळून एक मुलगी बसली होती. मुलगीच, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. मांडीवर बाळ, आणि बाळाच्या पायांशी दुपट्याखाली ते पुस्तक. हळद-कुंकवानं माखलेलं. तिनं ते अलगद बाहेर काढलं तेव्हा मला दिसलं, निम्म्याच्या पुढं एका पानात वातीचा कापूस घातलेला होता. वाचत होती ती! भिंतीतल्या झरोक्यातून वीतभर उजेड येत होता, त्यात धरून. “बोट अजून बंदराला लागली न्हाई,” ती मला हळूच म्हणाली. “वादळात घावलीया.” तिच्या आईनं हे ऐकलं आणि कपाळाला हात मारला. “बया बया, बाळंतपणात वाचतीस? डोळं जात्याल की गं तुझं! म्हून दिवा मागत व्हतीस व्हय राती?”

मी त्या अंधारात बघतच राहिले. सबंध वर्ष मी घसा फोडला होता आणि वाचणारी इथं बसली होती, वस्तीवर, धुरात. कलावती सहावीपर्यंत शिकलेली. सातवीला नाव घालायच्या आधी लग्न झालं, सासर नदीपल्याड शिरूरकडं, तिथं घरात कॅलेंडरशिवाय वाचायला काही नाही, हे तिनंच सांगितलं. मी तिला मोजणीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, पुस्तक मिटलं, आणि हात लांब करून माझ्यापुढं धरलं. “घेऊन जा मग.” तिची आई कळवळून ओरडली, “कले! पोरीच्या जीवावर उठलीस व्हय? बारशाआधी न्हेऊ नगं!” कलावतीचा हात तसाच राहिला, हवेत. मी हात पुढं केला असता तर पुस्तक माझं होतं. तेवढ्यात बाळ किरकिरलं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि हात मागं घेतला. “मला न्हाई पटत ते,” ती म्हणाली, “पर पोर माझी हाय. उद्या काय झालं तर समदी मलाच म्हंत्याल, आन् मी बी म्हनंन.” हेडसरांशी भांडता येतं, तिच्या आईशी भांडता येतं. आठ दिवसांच्या पोरीशी कसं भांडायचं? मी तशीच परत फिरले. येताना केडगाव स्टेशनच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायले आणि नळालाच एक शिवी हासडली.

सोमवारी मोजणी झाली. हेडसर स्वतः बोट लावून मोजत होते. बाईंनी सांगितलं, “एक पुस्तक बाहेर आहे. कुठं आहे ते ठाऊक आहे. आठवड्यात येईल.” “कुठं आहे?” “वाचायला आहे.” “कोणाकडं? विद्यार्थ्याकडं?” बाईंना खोटं बोलता येत नव्हतं, हा त्यांचा मोठा दोष. “विद्यार्थ्याच्या बहिणीकडं.” हेडसर म्हणाले, “म्हणजे शाळेबाहेर. बाई, कपाटात नाही ते हरवलेलं, एवढं साधं आहे.” मी मध्ये तोंड घातलं, “सर, ती वाचतेय! खरंच वाचतेय, निम्म्याच्या पुढं गेली आहे!” “मग तिच्या गावात काढू दे तिला ग्रंथालय,” असं म्हणून त्यांनी ते पुस्तक हरवलेलं म्हणून बाद केलं आणि तिन्ही कपाटांना कुलपं लावली. बाईंनी हातावरचा खडू झटकला आणि त्या सातवीच्या तासाला गेल्या. सुट्टी लागण्याआधीच रजेवरचे शिक्षक परत आले आणि बाई पुण्याला निघून गेल्या. मला म्हणाल्या, “आवाज सांभाळून ठेव, लागेल.” आता घसा धरलाय माझा, तरी सांभाळतेच आहे.

पण खरा संताप पुढंच. कुलूप लागल्यावर वाचनाचा तास पहिल्यासारखा सुरू झाला. सर गठ्ठा आणायचे, हजेरीच्या नंबराप्रमाणं वाटायचे. आणि पोरं खूश! ती खिळ्याशेजारची मुलगी मला येऊन सांगते, “ताई, आता बरं हाय. हुडकायला लागत न्हाई.” माझ्या हाताला अशी शिवशिव सुटली होती की मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून ठेवले. आज माझी नात फोनवर बोट फिरवते आणि जे समोर येईल ते वाचत बसते. मी विचारते, हे तू निवडलंस का? ती म्हणते, आपोआप येतं, आजी. मग मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

सुट्टी लागायला थोडे दिवस राहिले होते. मधल्या सुट्टीत बबन पळत आला. “ताई, आक्का आलीया.” कलावती व्हरांड्यात उभी होती. सव्वा महिना होऊन गेला होता, ती बाळाला घेऊन सासरी निघाली होती. शिरूरची एस.टी. दौंडवरून, म्हणून न्यायला आलेल्या दिराला स्टँडवर सामानापाशी बसवून ती शाळेत आली होती. अंगावर नवं लुगडं, कडेवर टोपडं घातलेलं बाळ आणि पदराखाली पुस्तक. हळद-कुंकू तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं, तरी कडा पिवळ्या राहिल्या होत्या. “चुकलं माझं, लई उशीर झाला,” पुस्तक माझ्या हातात देत ती म्हणाली. “आई बारशालासुदिक सोडंना, म्हनली सव्वा म्हैना व्हवू दे.” मग एकदम तिचा चेहरा उजळला. “लागली बघ बोट बंदराला! पर ती बाई उतरून पुन्हा दुसऱ्या बोटीत बसली, आन् तितंच संपलं. फुडं काय व्हतं?”

मी तिला ग्रंथालयाच्या खोलीत नेलं. दुसरं काय दाखवणार? कुलपं तशीच होती, काचांवर धूळ होती. ती कपाटापुढं उभी राहिली, पदरानं काच पुसली. मी काही सांगायच्या आधीच ती पुटपुटायला लागली, “बबन म्हनला, पिवळी म्हंजी परवास...” तिची नजर फळ्यांवरून सरकत गेली. लाल, हिरवं, निळं मागं टाकलं. मधल्या कपाटात, खालच्या अंगाला थांबली. “हे बघ. हे काय. दुसरा भाग.” बोट काचेवर टेकवलं. पाचवी ते सातवीची सगळी पोरं आणून, ओरडून, घोकून जे जमलं नव्हतं, ते हिनं चपला न काढता, पोर कडेवर घेऊन, बाहेरच्या बाहेर केलं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाच जास्त राग आला.

हेडसर शेजारच्या खोलीतून बाहेर आले. “कोण आहेत या?” मी सांगितलं. म्हटलं, “सर, किल्ली द्या. पुस्तक परत आणलंय त्यांनी. एक दुसरं द्यायचंय.” “पुस्तक आणलंय ना? मग ते माझ्या टेबलावर ठेव. दुसरं मिळणार नाही, हे विद्यार्थ्यांसाठी आहे.” “विद्यार्थ्यांसाठी आहे तर कुलूप कशाला आहे?” “रत्नमाला, आवाज खाली.” नाही खाली झाला. दादा यार्डात असतील तिथपर्यंत गेला असेल. “टेबलावर कसं ठेवू, सर? हे पुस्तक हरवलंय. तुम्ही स्वतःच्या हातानं बाद केलंय. याच्यापायी तीन कपाटं बंद केलीत, आता ते जमा कसं करता?” दारात पोरं गोळा झाली होती. हेडसर त्यांना हाकलायला वळले. मी ते पुस्तक परत कलावतीच्या हातात कोंबलं. “घ्या आक्का. तुमचं झालं हे. कुणी मागायला येणार नाही. घेऊन जा शिरूरला.” मला वाटलं, मी केवढं तरी मोठं काम केलं.

तिनं पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचं एक बोट अजून काचेवरच होतं.

“आगं, हे झालं की माझं वाचून,” ती म्हणाली. “मला ते पायजे.”